फॉरमॅट मारायच्या आधी

आमच्या भागात कम्प्युटरला दोनच आजार होतात. एक ‘चालूच होत नाही’ आणि दुसरा ‘लय स्लो झाला’. पहिल्यात माणसं किमान वायर हलवून पाहतात, पंखा फिरतो का बघतात. दुसऱ्यावर मात्र औषध ठरलेलं: फॉरमॅट मारा, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाका.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवतो. सातबारा, पीक विमा, महाडीबीटीचे अर्ज, दहावी-बारावीचे निकाल, मधूनच एखादी लग्नपत्रिका. माझ्या पहिल्या मशीनला एका दुकानात वर्षभरात तीनदा फॉरमॅट मारला. दरवेळी पंधरा दिवस बरं चालायचं, मग पुन्हा तेच. कोणीतरी म्हणालं रॅम वाढवा, तर तीही वाढवली. आणि पीक विम्याच्या शेवटच्या दिवशी बाहेर वीस-पंचवीस माणसं उभी असताना स्क्रीनवर निळं चक्र गरगरत बसलं. रांगेतल्या एका काकांनी खिडकीतून डोकावून विचारलं, “काहून रे बाबू, बसली का तुही मशीन?”

बसली होती, ते तर दिसतच होतं. कशानं बसली हे मला सांगता येईना, त्याची लाज जास्त वाटली. त्या रात्री दुकान बंद करून पहिल्यांदा टास्क मॅनेजर नीट उघडून पाहिला. रॅमचे पैसे फुकट गेले होते. दुखणं हार्ड डिस्कचं होतं.

तेव्हा ज्यांच्या घरी, दुकानात किंवा शाळेत एखादी जुनी मशीन आहे आणि कम्प्युटरचा कोर्स वगैरे झालेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. यातली सगळी साधनं घरगुती वापरासाठी फुकट आहेत, बरीचशी तर विंडोजमध्ये आधीच बसलेली आहेत. मी विंडोज १० आणि ११ धरून चाललो आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, पण गावातल्या निम्म्या मशीनवर मला अजून तेच दिसतं. बटणांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. पडद्यावर ती इंग्रजीत दिसतील आणि टाइपही इंग्रजीतच करायची.

आधी टास्क मॅनेजर

कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. मशीन अगदी अडकलेली असली तरी ही खिडकी बहुतेक वेळा उघडते. विंडोज १० मध्ये छोटीशीच खिडकी आली, तर खालच्या ‘मोअर डिटेल्स’वर क्लिक करा. हा टास्क मॅनेजर डेव्ह प्लमर नावाच्या मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरनं मुळात लिहिला आणि १९९६ साली विंडोज एनटी ४.० बरोबर तो आला. म्हणजे माझ्या गिऱ्हाइकांतल्या निम्म्या पोरांपेक्षा वयानं मोठा आहे.

‘प्रोसेसेस’च्या पानावर चार रकाने दिसतात: सीपीयू (डबा नव्हे, आतली हिशेब करणारी मुख्य चिप), मेमरी, डिस्क, नेटवर्क. प्रत्येकाच्या डोक्यावर टक्केवारी असते. तुमच्या कामाचे तेवढे हे चार आकडे. रकान्याच्या नावावर क्लिक केलं की जो प्रोग्राम सर्वांत जास्त खातोय तो वर येतो. यादी सारखी वरखाली उड्या मारत असेल तर कंट्रोलचं बटण दाबून धरा, यादी थांबते. हे मला कित्येक वर्षं माहीत नव्हतं.

एक गोष्ट लगेच सांगून टाकतो. ‘डिटेल्स’च्या पानावर ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ नावाची एक ओळ असते आणि तिच्यापुढे ९५, ९७ असा आकडा असतो. माझ्या भाच्यानं ते पाहिलं आणि व्हायरस सापडला म्हणून अर्धा तास ती ओळ बंद करायच्या मागे लागला. ती बंद होत नाही, व्हायला नकोही. तो आकडा म्हणजे सीपीयू किती टक्के रिकामा बसला आहे. ९७ दिसलं तर मशीन पारावर बसली आहे असं समजा.

मशीन चालू केल्यावर लगेच हे आकडे पाहू नका. पाच मिनिटं जाऊ द्या. सुरुवातीला अँटिव्हायरस, अपडेट, प्रिंटरचं सॉफ्टवेअर असे सगळे एकदम उठतात आणि सगळेच आकडे वर असतात. सकाळी सहाला नळावर गर्दी दिसली म्हणून गावात पाणीच नाही असं कोणी म्हणत नाही.

कोणता काटा वर आहे

आता नेहमीचं काम सुरू करा, म्हणजे ब्राउझरमध्ये दोन-तीन पानं, एखादी वर्डची फाइल. आणि मशीन अडखळली की त्याच क्षणी टास्क मॅनेजरकडे बघा. नंतर बघून उपयोग नाही. ताप उतरल्यावर थर्मामीटर लावल्यासारखं होतं ते.

सीपीयू सतत ९०-१०० वर असेल तर कोणी खातंय ते वरच्या ओळीत दिसेल. ब्राउझर असेल तर एखादं पान बिघडलेलं असतं, ते बंद करा. ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ दिसलं तर तो विंडोजचा स्वतःचा राखणदार आहे, त्याची तपासणी चालू आहे. त्याला हात लावू नका, चहा घेऊन या. उजवं क्लिक करून ‘एंड टास्क’ म्हणता येतं, पण त्या प्रोग्राममधलं न साठवलेलं काम जातं. मी एकदा अशीच एका ताईंची बचत गटाची अख्खी यादी घालवली आहे. ज्याचं नाव ओळखीचं नाही, त्याला एंड टास्क करायचं नाही, हा नियम तेव्हापासून.

मेमरी आणि डिस्क हे दोन रकाने मात्र एकत्र वाचायचे. मी चुकलो ते इथेच.

मेमरी म्हणजे रॅम, म्हणजेच कामाचं टेबल; डिस्क म्हणजे कपाट. टेबल भरलं की विंडोज टेबलावरचे काही कागद कपाटात ठेवते आणि लागले की परत काढते. त्यामुळे मेमरी कमी पडली तरी डिस्कचा आकडा वर जातो. म्हणून नुसतं डिस्क १०० टक्के दिसलं यावरून काही ठरत नाही, शेजारी मेमरी किती आहे ते बघायचं. मेमरी ९० च्या वर आणि डिस्कही १०० असेल, तर टेबल लहान पडतंय, रॅम वाढवा. मेमरी ५०-६० वर निवांत आहे आणि डिस्क तरी १०० वर चिकटून बसली आहे, तर रॅम वाढवून काडीचा फरक पडणार नाही. माझ्या मशीनमध्ये हेच होतं. मेमरी ५५ आणि डिस्क १००, तेही काही उघडलेलं नसताना.

४ जीबी रॅमच्या मशीनमध्ये विंडोज नुसती चालू झाली तरी जवळपास निम्मी मेमरी तिच्याकडे जाते. वर ब्राउझरची आठ-दहा पानं उघडली की संपलंच. अशा मशीनला ८ जीबी केल्यावर खरंच जीव येतो. मात्र मेमरी ७० टक्के दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. ‘परफॉर्मन्स’च्या पानावर मेमरीवर क्लिक केलं की ‘अव्हेलेबल’ असा शब्द दिसतो. त्यापुढे दोन-चारशे एमबीच उरले असतील तर काळजी करा. तिथेच ‘स्लॉट्स यूज्ड’ लिहिलेलं असतं, ‘१ ऑफ २’ म्हणजे एक खाच रिकामी आहे. रॅम घ्यायला जाल तेव्हा या पानाचा फोटो मोबाइलवर घेऊन जा. दुकानदाराला वेग आणि प्रकार विचारायची वेळ येणार नाही.

त्याच पानावर डिस्कवर क्लिक केलं की आणखी एक आकडा मिळतो, आणि माझ्या मते सगळ्या टास्क मॅनेजरमध्ये हाच सर्वांत कामाचा: ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’. एक फाइल मागितल्यावर डिस्क किती मिलिसेकंदांनी उत्तर देते, तो वेळ. चांगल्या एसएसडीला, म्हणजे न फिरणाऱ्या, चिपवाल्या डिस्कला, एक-दोन लागतात, साध्या फिरत्या हार्ड डिस्कला दहा-वीस. भार असला की थोडे वाढतात. पण खाली वाचन-लेखनाचा वेग एक एमबीसुद्धा नाही आणि रिस्पॉन्स टाइम पाचशे, हजार, दोन हजार दाखवतोय, तर डिस्क आजारी आहे किंवा तिची केबल सैल झाली आहे. माझ्या मशीनचा त्या रात्री १,४०० च्या आसपास होता. म्हणजे एकेका फाइलसाठी दीड-दीड सेकंद. विंडोज चालू व्हायला अशा हजारो फायली लागतात, मग दहा मिनिटं लागली तर नवल काय. फॉरमॅट मारल्यावर पंधरा दिवस बरं का चालायचं तेही कळलं. नव्या विंडोजला वाचायला थोडंच असायचं, आणि ते डिस्कच्या दुसऱ्या, अजून शाबूत असलेल्या जागेवर पडत असावं.

कोणती फाइल डिस्कला दमवतेय हे बघायचं असेल तर स्टार्टमध्ये ‘रिसोर्स मॉनिटर’ टाइप करा. त्यातल्या ‘डिस्क’च्या पानावर फाइलचं नाव पत्त्यासकट दिसतं. मला त्यात एकदा एका जुन्या स्कॅनरचं सॉफ्टवेअर सापडलं. स्कॅनर दोन वर्षांपूर्वीच भंगारात गेला होता, त्याचा प्रोग्राम रोज इमानेइतबारे लॉग लिहीत बसला होता.

डिस्कची तब्येत

हार्ड डिस्क आणि एसएसडी स्वतःची प्रकृती स्वतःच नोंदवत असतात, त्या व्यवस्थेला स्मार्ट म्हणतात. ती नोंद वाचायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं, फुकट जपानी सॉफ्टवेअर आहे. उतरवून घेताना त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या, आणि पानावर जाहिरातींचीही मोठमोठी ‘डाउनलोड’ बटणं असतात त्यांना फसू नका. ‘तुमचा पीसी दहापट फास्ट करतो’ म्हणणारं कुठलंही सॉफ्टवेअर मी आजवर कामाचं पाहिलेलं नाही. उलट ते काढायलाच लोक माझ्याकडे येतात.

क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं की निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे आटोपलं. पिवळा दिसला की खाली तीन ओळी शोधा: ‘रीॲलोकेटेड सेक्टर्स काउंट’, ‘करंट पेंडिंग सेक्टर काउंट’ आणि ‘अनकरेक्टेबल सेक्टर काउंट’. सेक्टर म्हणजे डिस्कवरच्या जागेचा बारीक तुकडा, आणि हे बिघडलेल्या तुकड्यांचे आकडे. या तिन्हींचा शेवटच्या रकान्यातला आकडा शून्य हवा. पहिल्यात थोडे आले आणि तिथेच थांबले तर डिस्क काही महिने काढते. पेंडिंग वाढत चालले असतील तर त्याच दिवशी कामाच्या फायली पेनड्राइव्हवर काढून घ्या, उद्यावर ढकलू नका. हे आकडे मुळात सोळाच्या पायावर मोजलेले दिसतात, त्यात ए, बी, सी अशी अक्षरंही येतात. ‘फंक्शन’, मग ‘ॲडव्हान्स्ड फीचर’, मग ‘रॉ व्हॅल्यूज’ असं जाऊन ‘१० डेक’ निवडलं की साधे आकडे होतात.

सेकंडहँड मशीन घेताना तर हे साधन खिशातच ठेवा. नागपूर-अमरावतीहून ऑफिसातून निघालेल्या मशीन गावोगाव येतात, वरून पुसून चकाचक. ‘पॉवर ऑन अवर्स’ बघा. वर्षाचे तास ८,७६० होतात. एखाद्या डिस्कवर ३५,००० तास दिसले तर ती चार वर्षं अखंड फिरलेली आहे, विकणारा काहीही सांगो. मशीन वाईट असेलच असं नाही, पण डिस्क बदलायचा खर्च धरूनच भाव करा.

गर्मी

विंडोजचा टास्क मॅनेजर सीपीयूचं तापमान दाखवत नाही. विदर्भात राहणाऱ्याला याचा राग यायला हवा. मे महिन्यात बाहेर ४५-४६ असतं, टिनाच्या छपराखाली दुपारी काय होतं ते वेगळं सांगायला नको. खोलीचं तापमान जितकं वाढेल, साधारण तितकंच आतल्या सीपीयूचंही वाढतं. जानेवारीत कामात असताना ६५ दाखवणारी मशीन मेमध्ये सहज ८५ ला जाते, आणि तुम्ही तिच्यात काहीच बदललेलं नसतं.

तापमान पाहायला एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर घ्या. चालू करताना ‘सेन्सर्स ओन्ली’वर टिक करा, नाहीतर माहितीचा पूर येतो. लांबलचक यादीतून ‘सीपीयू पॅकेज’ ही ओळ शोधा. एएमडी कंपनीचा सीपीयू असलेल्या मशीनमध्ये नाव थोडं वेगळं असतं. पुढे चार रकाने: सध्याचं, सर्वांत कमी, सर्वांत जास्त, सरासरी. अर्धा तास काम करा आणि मग ‘मॅक्सिमम’ बघा. रिकामी असताना ४० ते ५५, कामात ८० पर्यंत असेल तर आपल्या हवामानात मी ठीक म्हणतो. ९० च्या वर सारखं जात असेल तर आत काहीतरी अडलंय. बहुतेक इंटेल सीपीयूंची मर्यादा १०० च्या आसपास असते. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो, जीव वाचवायला. यादीत ‘थर्मल थ्रॉटलिंग’पुढे ‘यस’ आलं की समजायचं, बैल उन्हात बसला.

काही न उतरवताही हे ओळखता येतं. टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’, मग ‘सीपीयू’. तिथे ‘बेस स्पीड’ आणि ‘स्पीड’ असे दोन आकडे असतात. वापर १०० टक्के आहे, बेस स्पीड ३.१ आहे आणि स्पीड मात्र १.२ किंवा ०.८ दाखवतोय, तर सीपीयूला कामाची कमी नाही, त्याला पळूच देत नाहीये कोणी. गर्मी हे पहिलं कारण. लॅपटॉपमध्ये नकली चार्जरनंही असं होतं.

माझ्या दुकानाला लागून कापसाचा खरेदीकाटा आहे. दिवाळीनंतर गाड्या लागतात आणि फेब्रुवारीपर्यंत हवेत कापूस तरंगत असतो. एका वर्षी मार्चमध्ये माझी दुसरी मशीन, चांगली एसएसडी लावलेली, दुपारी बारानंतर मुंगीसारखी चालायला लागली. डिस्क ३ टक्के, मेमरी ५०, सगळं छान. एचडब्ल्यूइन्फोमध्ये मॅक्सिमम ९८. बाजूचं झाकण काढलं, पंखा तर फिरत होता. पण पंखा आणि त्याखालची ॲल्युमिनियमची जाळी यांच्या मध्ये पांढुरक्या-करड्या कापसाचा थर बसलेला, बोटभर जाड, अगदी उशीत भरावा तसा. पिन घालून कडेनं उचलला तर अख्खी चकती एका तुकड्यात निघाली, जाळीच्या रेघा तिच्यावर उमटलेल्या. पंखा त्या गादीवर हवा मारत होता आणि खाली सीपीयू भाजत होता. चकती काढली, ब्रश फिरवला, झाकण लावलं. त्याच दुपारी, त्याच कामाला ७१.

साफ करायचं तर मशीन बंद करून वायर भिंतीतून काढा, पाच मिनिटं थांबा. पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा आणि मऊ ब्रश किंवा ब्लोअर वापरा. मोकळं सोडून ब्लोअर मारला तर पंखा भन्नाट फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. सीपीयूवरची जाळी स्वतः उचलू नका. उचलली तर खालची थर्मल पेस्ट नवी लावावीच लागते.

आणि कूलर. कूलरचा झोत थेट मशीनवर सोडायची आपल्याकडे सवय आहे. माणसाला गार वाटतं म्हणून मशीनलाही वाटेल असं नाही. ओलावा आणि धूळ दोन्ही एकदम आत जातात आणि पावसाळ्यापर्यंत पट्ट्यांवर हिरवट गंज चढतो. कूलर खोलीला लावा, मशीन बाजूला ठेवा, मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा.

लाइन गेली तर

मशीन आपोआप बंद पडते, कधी पडली ते आठवत नाही, अशी तक्रार असेल तर स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप करा आणि ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ उघडा. दिवसांचा तक्ता येतो, वर १ ते १० मध्ये गुण आणि खाली लाल फुल्या. एका फुलीवर क्लिक केलं की त्या दिवशी काय बिघडलं त्याची ओळ येते. ‘विंडोज वॉज नॉट प्रॉपर्ली शट डाउन’ असं लिहिलेलं दिसलं की वेळ बघा आणि गावात लाइन किती वाजता गेली होती ते आठवा. दोन्ही जुळले तर मशीनचा दोष नाही, यूपीएसचा आहे. यूपीएसमधली छोटी बॅटरी आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन वर्षांवर क्वचितच टिकते. लोक मात्र मशीन बदलतात आणि यूपीएस तोच ठेवतात. लाइन असतानाही फुल्या पडत असतील तर पॉवर सप्लाय किंवा गर्मी तपासायची.

अशा अचानक जाण्या-येण्यानं फिरत्या हार्ड डिस्कचे हाल होतात. माझी पहिली डिस्क त्यानंच गेली असावी असा माझा अंदाज आहे, पुरावा नाही.

सोबत एक बारीक खोच. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखाली ‘अप टाइम’ असतो. रोज रात्री शट डाउन करूनही तिथे बारा-पंधरा दिवस दिसतील. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असलं की शट डाउन केल्यावर ती पूर्ण झोपत नाही, आतला काही भाग तसाच जपून ठेवते. आठवड्यातून एकदा शट डाउनऐवजी ‘रीस्टार्ट’ द्या. निम्म्या तक्रारी माझ्याकडे न येता यानंच मिटतात, माझं नुकसान होतं ते होतं.

मशीन स्लो की नेट स्लो

सीपीयू, मेमरी, डिस्क तिन्ही शांत, आणि पान मात्र उघडत नाही, तर मशीनला शिव्या देऊ नका. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ टाइप करून काळी खिडकी उघडा, तिच्यात पिंग, एक जागा, ८.८.८.८ (हा गूगलच्या एका सर्व्हरचा पत्ता), एक जागा, आडवी रेघ आणि लगेच टी असं लिहून एंटर दाबा. ओळी येत राहतील, त्यांत ‘टाइम’पुढे मिलिसेकंद. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तीस ते शंभर आणि सलग येत असतील तर नेट चालू आहे, मग समोरचं संकेतस्थळच बसलंय. शेवटच्या तारखेला बसतातच ती. मध्येमध्ये ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येत असेल तर रेंजचा प्रश्न, मोबाइल खिडकीत ठेवून बघा. थांबवायला कंट्रोल आणि सी.

हॉटस्पॉटचा दिवसाचा डेटा सकाळीच संपत असेल तर वाय-फायच्या सेटिंगमध्ये त्या नेटसाठी ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. विंडोजची मोठी अपडेट मग बहुतांशी वाट बघतात.

लॅपटॉप असेल तर त्याच काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी, एक जागा, तिरपी रेघ (/), बॅटरीरिपोर्ट असं लिहा. अहवाल कुठे साठवला तो पत्ता ती स्वतः सांगते. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ हे दोन आकडे. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर बॅटरीही निम्मीच उरली. जुना लॅपटॉप घेताना विकणाऱ्यासमोरच हे काढा, भाव आपोआप खाली येतो.

सुरुवातीची गर्दी कमी करताना

टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप’चं पान आहे. मशीन सुरू होताना आपोआप कोण कोण उठतं त्यांची यादी. ज्याची गरज नाही त्यावर उजवं क्लिक करून ‘डिसेबल’. प्रोग्राम जात नाही, फक्त आपोआप उठत नाही. चॅट, गेम, जुने प्रिंटर, सगळे बिनधास्त झोपवा. पण अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस आणि मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर सोडून द्या. मी उत्साहाच्या भरात सगळंच बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी निराधार योजनेच्या आजी अंगठा लावून लावून थकल्या. त्यांना वाटलं वयानं बोटाच्या रेघा गेल्या.

उबुंटू किंवा दुसरं लिनक्स वापरणाऱ्यांना ‘सिस्टिम मॉनिटर’मध्ये यातलं बरंचसं मिळेल, आणि काळ्या खिडकीत एचटॉप. वाचायची रीत तीच.

वही

आता एवढे आकडे पाहिले तरी त्यांचा उपयोग तेव्हाच, जेव्हा तुमच्या मशीनचे चांगल्या दिवसाचे आकडे तुमच्याजवळ असतील. माझ्याकडे पावतीपुस्तकाच्या शेवटच्या पानावर ते लिहिलेले आहेत. तारीख, चालू व्हायला लागलेला वेळ, पाच मिनिटांनंतरचे सीपीयू-मेमरी-डिस्क, रिस्पॉन्स टाइम, दुपारचं मॅक्सिमम तापमान. महिन्यातून एकदा, दोन मिनिटांचं काम. डिसेंबरच्या ओळीत चालू व्हायला ४० सेकंद आणि जूनच्या ओळीत दोन मिनिटं दिसली, तर मधल्या कोणत्या ओळीपासून घसरलं ते बोट ठेवून दाखवता येतं.

मशीन दुकानात न्यावीच लागली तर हे पान सोबत न्या. ‘स्लो झाली’ असं सांगू नका. ‘मेमरी निम्मी मोकळी असताना डिस्क १०० वर राहते, रिस्पॉन्स टाइम हजाराच्या वर आहे, पेंडिंग सेक्टर चोवीस आहेत’ असं सांगा. माझी पहिली मशीन चौथ्यांदा नेली तेव्हा मी असंच सांगितलं. दुकानातल्या मुलानं हातात घेतलेला फॉरमॅटचा पेनड्राइव्ह खाली ठेवला आणि स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागला.

डिस्क बदलली की जुनी मागून घ्या, ती कामाची नाही असं सांगितलं तरी. माझ्या डिस्कमध्ये अर्ध्या गावाचे आधार आणि पासबुकांचे फोटो होते.